ह्या वयात कापाकापी कशाला?

आमच्या घरात हा प्रश्न रिपोर्ट नीट वाचायच्या आधीच विचारला गेला. मामांचं वय ७६. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी छातीचा साधा एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक ठिपका दिसला. मामेभावानं फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली आणि आम्ही पाच-सहा जण तिच्याकडे बघत उभे राहिलो. मामा आतल्या खोलीत चहा पीत होते. त्यांना कुणी हाक मारली नाही. आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालंच, ‘कॅन्सर निघाला तरी ह्या वयात कापाकापी कशाला?’

मी शाळेत विज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही. पण पुढचे चार महिने मामांबरोबर मी सोलापूर, पुणे आणि मुंबईच्या दवाखान्यांत बसलो, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा तेच विचारलं, घरी येऊन वाचलं. तेव्हा जे समजलं ते इथं मांडतोय, कारण हा प्रश्न आज दुसऱ्या कुठल्या तरी घरात विचारला जात असणार.

आधी ठिपक्याबद्दल. आपल्याकडे फुप्फुसात डाग दिसला की पहिलं नाव टीबीचं येतं आणि ते चुकीचंही नाही, कारण जगातले जवळपास चौथाई टीबीचे रुग्ण भारतात आहेत. अडचण पुढं होते. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी ‘सुरू करून बघू’ म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिने जातात आणि डाग तसाच राहतो किंवा वाढतो. मामांनाही पहिल्या ठिकाणी हाच सल्ला मिळाला होता. पेट स्कॅननंही कोडं सुटेलच असं नाही. त्यात शरीरात साखरेसारखं एक औषध सोडतात आणि जिथं पेशी भराभरा साखर खातायत ती जागा चमकते. कॅन्सर चमकतो, तसा टीबीही चमकतो. म्हणून शेवटी सुईनं तुकडा काढून तपासावाच लागतो. ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ ही भीती आमच्याही घरात होती. त्या भीतीपायी तपासणी लांबवण्यात खरा धोका आहे. गाठ अगदी अडचणीच्या जागी असेल तर डॉक्टर कधीकधी थेट ऑपरेशनच्या टेबलावर तुकडा काढून तिथल्या तिथं तपासून घेतात.

मामांचा तुकडा कॅन्सरचा निघाला. गाठ १८ मिलिमीटर, म्हणजे सोललेल्या मोठ्या शेंगदाण्याएवढी.

फुप्फुसाच्या कॅन्सरचे ढोबळमानानं दोन प्रकार. ‘स्मॉल सेल’ फार वेगानं पसरतो आणि त्यात ऑपरेशनला क्वचितच जागा असते. उरलेले साधारण ८५ टक्के ‘नॉन-स्मॉल सेल’ गटातले. मामांचा त्यातलाच होता. ह्या गटात गाठ ४ सेंटीमीटरपर्यंतची असेल, लसीकाग्रंथींत, म्हणजे कॅन्सर सहसा आधी जिथं पोचतो त्या छोट्या ग्रंथींत, काही नसेल आणि दुसरीकडे कुठं पसरलेलं नसेल तर तो पहिला टप्पा. ह्या टप्प्यावर आजार सापडणं हे नशीबच, कारण फुप्फुसाच्या आत दुखण्याची जाणीवच नसते. गाठ वाढत राहते आणि माणूस भाकरी खातो, बाजाराला जातो, त्याला काही कळत नाही. रक्त पडायला लागतं, आवाज बसतो, वजन उतरतं, तोपर्यंत बहुतेक वेळा पहिला टप्पा मागं पडलेला असतो. लवकर सापडणाऱ्यांतले बरेच जण मामांसारखेच, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत सापडतात.

‘काहीच नाही केलं तर?’ हे मी पहिल्याच भेटीत विचारलं. तोपर्यंत आम्हाला वाटत होतं की म्हाताऱ्या माणसाचा कॅन्सर हळू चालतो आणि माणूस आधी दुसऱ्याच कशानं तरी जातो. प्रोस्टेटच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरं असतं. फुप्फुसाच्या बाबतीत नसतं. पहिल्या टप्प्यात सापडूनही उपचार न घेतलेल्या बहुतेकांना शेवटी हाच आजार नेतो आणि तोही काही वर्षांतच. अपवाद आहे तो सीटीवर धुक्यासारख्या दिसणाऱ्या पुसट डागांचा. ते वर्षानुवर्षं तसेच राहू शकतात आणि तिथं दर काही महिन्यांनी सीटी काढून नजर ठेवणं हाच शहाणपणाचा उपचार असतो. मामांची गाठ घट्ट होती.

आता ऑपरेशन. छाती उघडून पूर्ण फुप्फुस काढायचं, असंच चित्र आमच्या डोळ्यांसमोर होतं. सुरुवात खरंच तशी झाली. १९३३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला इव्हार्ट्स ग्रॅहम ह्या सर्जननं कॅन्सरसाठी एका माणसाचं अख्खं फुप्फुस काढलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. तो त्यानंतर ३० वर्षं जगला. ग्रॅहम मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले. रुग्ण सर्जनच्या मागं राहिला.

पुढं सर्जन कमी कमी काढायला शिकले. ते समजून घ्यायला जुना वाडा डोळ्यांपुढं आणा. उजवं फुप्फुस म्हणजे तीन मजले, डावं म्हणजे दोन. मजल्याला ‘लोब’ म्हणतात, मराठीत खंड. प्रत्येक मजल्यावर खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीला हवा येण्याचं वेगळं दार आणि रक्ताचा वेगळा नळ आहे. ह्या खोल्या म्हणजे ‘सेगमेंट’. दार आणि नळ स्वतंत्र असल्यामुळं एक खोली बंद करून काढली तरी शेजारची चालू राहते. कित्येक वर्षं नियम असा होता की खोलीत आजार असला तरी मजलाच काढायचा. १९९५ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या तुलनेत कमी भाग काढलेल्यांत त्याच जागी आजार परत येण्याचं प्रमाण साधारण तिप्पट निघालं, त्यामुळं तो नियम आणखी पक्का झाला.

तेव्हा सीटी आजच्यासारखे नव्हते आणि गाठीही मोठ्या सापडायच्या. जपानी सर्जननी २ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी घेऊन हीच तुलना पुन्हा केली, ११०६ रुग्णांवर, आणि २०२२ मध्ये निकाल मांडला. पाच वर्षांनी फक्त खोली काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के हयात होते, मजला काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण मात्र खोलीवाल्यांत जास्त होतं, १०.५ टक्के विरुद्ध ५.४. म्हणजे आजार थोडा जास्त परतला, तरी माणसं जास्त जगली. त्यांच्याकडे फुप्फुस शिल्लक होतं, पुढचे उपचार झेपले आणि दुसऱ्या आजारांना तोंड देता आलं, असा त्याचा अर्थ लावला जातो. २०२३ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ६९७ रुग्णांच्या अभ्यासातही कमी काढणं मागं पडलं नाही. म्हाताऱ्या माणसासाठी ही मोठी बातमी आहे. पण दोन गोष्टी सोबत सांगायलाच हव्यात. ह्या अभ्यासांतले रुग्ण मुळात मजला काढणंही झेपेल असेच निवडलेले होते. आणि जपानी अभ्यासात वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या फुंकण्याच्या ताकदीतला फरक साडेतीन टक्केच होता, कारण मजला काढला तरी उरलेलं फुप्फुस पसरून बरीच जागा भरून काढतं. खोली काढली म्हणून दम अजिबात कमी होणार नाही, असं कुणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो. वय ७६ हा आकडा डॉक्टरांनी फाईलवर लिहिला आणि पुढं गेले. त्यांनी दोन दुसरे आकडे मागितले. एक फुंकण्याच्या टेस्टमधला: पहिल्या एका सेकंदात माणूस किती हवा बाहेर टाकतो. दुसरा फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ह्याचा. तुमच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाला १०० धरून दोन्ही टक्क्यांत येतात. मामांचा पहिला ७८ आणि दुसरा ६२. गिरणीतला कापूस आणि पंधरा वर्षांपूर्वी सोडलेली विडी, दोन्हीचा हिशेब त्या ६२ मध्ये असावा असं मला वाटतं.

आणि मग डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात गणित मांडलं, सातवीच्या मुलाला जमेल असं. दोन्ही फुप्फुसांत मिळून हिशेबाला १९ खोल्या धरतात. उजवीकडच्या वरच्या मजल्यावर ३. तो मजला काढला तर राहिल्या १६. ७८ गुणिले १६ भागिले १९, उत्तर ६६. तसंच ६२ चे झाले ५२. एकच खोली काढली तर ६२ चे ५९ राहतात. ऑपरेशननंतरचे दोन्ही आकडे ६० च्या वर राहणार असतील तर जोखीम कमी, निर्धास्त पुढं जा. एखादा जरी ३० च्या खाली जाणार असेल तर खूप जपून. मधे अडकले तर? मामा मधेच अडकले होते.

मधे अडकलेल्याला जिना चढायला लावतात.

खरंच जिना. न थांबता २२ मीटर उंची चढता आली, म्हणजे साधारण सात मजले, तर ऑपरेशन बहुधा झेपतं. हे मला फार आवडलं. इतकी यंत्रं असताना शेवटी प्रश्न तोच उरला जो आपली आजी विचारायची: जिना चढताना दम लागतो का? दुपारच्या वेळी दवाखान्याचा मागचा जिना. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, शेजारी फिजिओथेरपिस्ट मुलगी, मागं मी. मामांनी धोतराचा सोगा खोचला, कठड्याला हात लावायचा नाही असं स्वतःच ठरवलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते तिच्याशी बोलत होते. चौथ्यावर बोलणं थांबलं. पाचव्यावर भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘बास.’

पाच मजले म्हणजे नापास असं आम्हाला वाटलं. तसं नसतं. मग पुण्यात तोंडाला मास्क लावून सायकल चालवायची टेस्ट झाली. त्यात शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागं किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात. २० मिलिलिटरच्या वर उत्तम, १० च्या खाली ऑपरेशनचा धोका फार. मामांचे आले १५. म्हणजे ऑपरेशन करता येईल, पण डोळे उघडे ठेवून.

अशा माणसापुढं दुसरा रस्ताही असतो आणि तो दुय्यम समजू नये. नेमका शेक, म्हणजे गाठीवरच रोखलेला किरणोपचार, डॉक्टर ज्याला ‘एसबीआरटी’ म्हणतात. नेहमीचा शेक आठवड्यांमागून आठवडे चालतो. ह्यात चार-पाच वेळांतच, कित्येक बाजूंनी बारीक किरण गाठीवर एकत्र आणून जबर मात्रा देतात. चिरा नाही, भूल नाही, ॲडमिट होणं नाही. जिथं मारा केला त्या जागेचा आजार तीन वर्षांपर्यंत दहापैकी नऊ जणांत आटोक्यात राहतो. टेक्सासमधल्या एका अभ्यासात, ऑपरेशन झेपेल अशा रुग्णांनी हा शेक घेतला, तेव्हा तीन वर्षांनी ९१ टक्के हयात होते आणि त्याच दवाखान्यात दुर्बिणीनं ऑपरेशन झालेल्या मिळत्याजुळत्या रुग्णांतही तितकेच. मग ऑपरेशन कशाला? कारण ही तुलना चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कुणाला कुठला उपचार हे नशिबावर सोडून, केलेली नाही. तसे प्रयत्न झाले तेव्हा पुरेसे रुग्णच तयार झाले नाहीत आणि अभ्यास मधेच बंद करावे लागले. चिठ्ठीवर आपली छाती सोपवायला कोण तयार होईल? शिवाय ऑपरेशनमध्ये लसीकाग्रंथी काढून तपासता येतात आणि स्कॅनला न दिसलेला आजार काही जणांत तिथं सापडतो. शेकात ते कळत नाही. शेकानंतर त्या जागी व्रण उमटतो आणि पुढच्या सीटीत तो व्रण की परतलेला आजार, ह्यावर डॉक्टरांचीही दमछाक होते. गाठ मोठ्या श्वासनळीला चिकटून असेल तर शेकही धोक्याचा ठरू शकतो.

आमच्या गल्लीतल्या आज्जी, वय ८१, आयुष्यभर विड्या वळल्या, ओढली एकही नाही. एक स्टेंट आणि जुना दमा. त्यांचाही ठिपका असाच अवचित सापडला. त्यांनी शेक घेतला आणि माझ्या मते अगदी बरोबर केलं. त्यांचं फुंकणं ४० टक्क्यांवर होतं आणि घरातल्या घरात चालतानाही त्या थांबायच्या.

म्हणजे वयाला किंमतच नाही का? आहे, पण ते एकटं येत नाही. चालण्याचा वेग, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, गेल्या सहा महिन्यांत वजन उतरलंय का, शुगर, हृदय, रक्त पातळ करायच्या गोळ्या, स्मरणशक्ती हे सगळं मिळून म्हातारपण ठरतं. पासष्टीत थकलेली माणसं असतात आणि ऐंशीला शेतावर जाऊन येणारी असतात. चांगल्या केंद्रात खंड काढल्यावर पहिल्या महिन्यात दगावण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक-दोन आहे, वय आणि अशक्तपणा वाढेल तसं ते चढतं. त्यामुळं ‘अशी किती ऑपरेशनं वर्षाला करता?’ हे सर्जनला विचारायला लाजू नका. आम्ही विचारलं, त्यांना राग आला नाही.

सीटी, फुंकण्याची टेस्ट, हृदयाची इको हे सगळं सोलापुरात होतं. ऑपरेशनसाठी मात्र छातीच्या कॅन्सरचंच काम रोज करणारा सर्जन शोधावा, मग तो पुण्यात असो की मुंबईत. आपल्या जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथं ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवही १९८७ पासून ठेवली जाते, देशातली तशी ती पहिली. परळच्या टाटाला जायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून सकाळी मुंबईत उतरणारे कितीतरी जण हातात तीच मोठी पिशवी, आत सीटीची फिल्म, घेऊन दिसतात. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मानचं ‘वय वंदना’ कार्ड मिळतं. दवाखाना योजनेत आहे का आणि नेमका हाच उपचार त्यात बसतो का, हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाकडून, आधी विचारून घ्या, ॲडमिट झाल्यावर नको.

एक गोष्ट आम्ही चुकलो. तीन आठवडे मामांना कुणी काही सांगितलं नाही. ‘छातीत कफ आहे,’ असंच चाललं होतं. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही आत आणि ते बाहेर बाकावर. एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. ‘माझ्या छातीत काय हाय ते तुमी आपसात बोलताय. जिना मलाच चढायला लावताय. मग मला बी सांगा की.’ मी सांगितलं, शब्द न बदलता. ते थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, ‘गड्ड्याला नंदीध्वजामागं चालता येईल का?’

गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. तीत नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मागं ६८ लिंगांची प्रदक्षिणा असते. बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, घालून मामा तरुणपणापासून चालत आलेत. इतक्या तपासण्यांत, इतक्या डॉक्टरांत, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. पुढच्या भेटीत त्यांनीच तो सर्जनला विचारला. सर्जन म्हणाले, ‘शेक घेतलात तर ह्याच वर्षी चालाल. ऑपरेशन केलं तर ह्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी बहुधा.’ मामा म्हणाले, ‘मग गाठ काढून टाका. माझ्या आत राहिली तर मला झोप लागणार न्हाई.’ हे उत्तर मी त्यांच्या वतीनं कधीच देऊ शकलो नसतो. दुसरा कुणी ह्याच आकड्यांवर शेक निवडेल आणि तोही बरोबरच असेल.

ऑपरेशनआधी महिना मिळाला, तो वाया घालवू नये. विडी, सिगारेट, मिश्री, तंबाखू जे काही चालू असेल ते निदान चार आठवडे आधी बंद. रोज संभाजी तलावाकाठी अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं चालणं. तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिवसातून चार-पाच वेळा ओढायचं. फुंकायचं नाही, ओढायचं. आम्ही दोन दिवस उलटंच करत होतो. जेवणात डाळ, अंडी, शेंगाचटणी, दही वाढवायचं, कारण जखम प्रथिनांवर भरते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बरगड्या फाकवत नाहीत, तीन-चार सेंटीमीटरच्या चिरेतून काम होतं. शुद्धीवर आल्यावर छातीत नळी आणि पलंगाखाली पाण्याची बाटली असते. खोकलं की बाटलीत बुडबुडे येतात. ते पाहून मामी घाबरल्या होत्या. बुडबुडे म्हणजे फुप्फुसातून हवा अजून गळतेय. बहुतेकांत ती आपोआप थांबते, काहींत आठवडा लागतो. मामांना तिसऱ्या दिवशी नाडी अनियमित झाली. हे वयस्कर रुग्णांत बऱ्यापैकी होतं, औषधानं आटोक्यात आलं. रात्री ते गोंधळायचे, गिरणीचा भोंगा झाला म्हणायचे. नर्सनं सांगितलं, चष्मा लावून ठेवा, समोर घड्याळ असू दे, ओळखीचा माणूस जवळ बसू दे. दोन रात्रींत उतरलं. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची आणि दुसऱ्याच दिवशी उठून चालायचं. पडून राहिलं की कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो.

केमो लागला नाही. एवढी लहान गाठ पूर्ण निघाली आणि ग्रंथी साफ असल्या तर लागत नाही. आता दर सहा महिन्यांनी सीटी असतो, दोन-तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा. चिरेच्या खाली बधिरपणा अजून आहे, शर्टाचं बटण लावताना ते तिथं बोट दाबून बघतात.

ह्या जानेवारीत मामांनी बाराबंदी घातली. अर्ध्या वाटेवर एका दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटं बसले, पाणी प्यायले. मिरवणूक पुढं गेली होती. मी म्हटलं, ‘मामा, रिक्षा बघू का?’ त्यांनी माझ्या हाताला धरून स्वतःला उठवलं आणि हलग्यांच्या आवाजाच्या दिशेनं चालायला लागले.